कपाटातली हाक, बेंगळुरूचा पडदा

या वेळी मी बेंगळुरूला गेले ती एका मांजरीसाठी. मांजर चित्रातली, आणि तिचं नाव तपकीर.

माझी मावसबहीण उमा गेली चौदा वर्षं तिथे अ‍ॅनिमेशनचं काम करते. दुसऱ्यांच्या जाहिरातींतले साबण आणि बिस्किटं नाचवून कंटाळली, तेव्हा तिने चार मित्रमैत्रिणींना घेऊन स्वतःचा आठ मिनिटांचा सिनेमा केला. हाताने काढलेल्या चित्रांचा. गोष्ट एवढीच, की एक म्हातारी संध्याकाळच्या वेळी आपल्या हरवलेल्या मांजरीला हाका मारत गावभर हिंडते. बोलणं सगळं मराठी, कारण उमाची आजी अशीच हिंडायची आणि ती कानडीत हिंडणं उमाला पटेना.

दीड वर्षापूर्वी तिचा फोन आला. "अक्का, म्हातारीची वाक्यं तू बोलून पाठव. मोबाईलवर व्हिडिओच कर. चेहरा जवळून दिसू दे. तुझ्यासारखं तोंड उघडून स्पष्ट बोलणारं आपल्यात दुसरं कुणी नाही."

मला केवढा आनंद झाला, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल. मी मिरजेच्या एका वाचनालयात काम करते, शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. एकोणीस वर्षांची असताना रेडिओच्या आवाजचाचणीला गेले होते. "आवाज घरगुती आहे," एवढं ऐकून परत आले. बोलणाऱ्याने ते वाईट हेतूने म्हटलं नसेल. पण त्यानंतर आजतागायत कुणी "छान वाचता हो तुम्ही" म्हणालं, की माझ्या मनात आपोआप यायचं, हो, पण घरगुती.

तर मी ती चौदा वाक्यं बोलले. कुठे, तर आमच्या लाकडी कपाटात. गल्लीत स्पीकर चालू होता, म्हणून कपाटाचा खालचा खण रिकामा करून आत बसले, वर साड्या, हातात टॉर्च, समोर मोबाईल. "तपकीऽर, ए तपकीऽर" म्हणताना मान लांब केली, आणि "तप" म्हणेपर्यंत वरचा हँगर टाळूवर बसला. मी खाली वाकले, आणि "कीऽर" वाकलेल्या अवस्थेतच पूर्ण केलं. उमाला कळवलं, "तेवढा हँगर कापून टाक." तिने हसरे चेहरे पाठवले.

गेल्या महिन्यात कळलं, की सिनेमा तिथल्या अ‍ॅनिमेशन महोत्सवात निवडला गेलाय आणि बक्षीस समारंभाच्या संध्याकाळी दाखवणार आहेत. मी न राहवून ही बातमी घरात सांगितली, आणि आमच्या नानांनी ती मिरजभर. नाना म्हणजे माझे सासरे. वय ब्याऐंशी. ऐकू जवळजवळ येत नाही. कानाचं मशीन आहे, ते बहुतेक वेळ चष्म्याच्या डबीत झोपलेलं असतं, कारण नानांच्या मते त्यातून फक्त मिक्सर ऐकू येतो. तरीही दूधवाल्यापासून वाचनालयाच्या अध्यक्षांपर्यंत सगळ्यांना त्यांनी सांगितलं, "आमच्या सूनबाईंचा आवाज सिनेमात आहे. फार गोड आवाज."

"तुम्हाला काय माहीत, नाना?" माझे यजमान ओरडून म्हणाले.

"सगळे म्हणतात ना," नाना म्हणाले.

मी उमाला फोन केला, येतेय म्हणून. ती म्हणाली, "ये की. नक्की ये. आल्यावर बोलू." त्या "आल्यावर बोलू"कडे मी लक्ष दिलं नाही.

मिरज ते यशवंतपूर

जाणाऱ्यांसाठी सांगते. मिरजेहून दुपारी निघणारी बेंगळुरूची गाडी सगळ्यात सोयीची. थर्ड एसीला हजाराच्या आसपास पडतात, स्लीपरला त्याच्या निम्म्याहून कमी. मी स्लीपर घेतला, कारण थंडीचे दिवस होते आणि मला खिडकी उघडी हवी असते. बरोबर दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि दही. बेळगावला कुंदा घ्यायचा असेल तर दारातच उभं राहा, गाडी फार वेळ थांबत नाही. मी उमासाठी अर्धा किलो घेतला आणि धारवाड यायच्या आत त्यातला बराच कमी केला.

समोरच्या बाकावर गदगचं एक जोडपं होतं. बाईंनी विचारलं, कशाला चाललात. मी म्हटलं, सिनेमात माझा आवाज आहे. त्यांनी नवऱ्याला कानडीत सांगितलं, नवऱ्याने वरच्या बर्थवरच्याला सांगितलं, आणि हुबळीपर्यंत डब्यातल्या पाच जणांना मी "तपकीऽर" करून दाखवलं. आता आठवलं की कान गरम होतात.

पहाटे यशवंतपूरला उतरावं, शेवटच्या स्टेशनपर्यंत जाऊ नये, हा उमाचा सल्ला. तिचं घर राजाजीनगरात, तिथून अगदी जवळ. रिक्षावाल्याने आकडा सांगितला, मी "मीटर" म्हटलं, तो हसला, मीही हसले, आणि आम्ही मधल्या आकड्यावर आलो. बेंगळुरूची पहाट थंड होती. फुलवाल्या बाया टोपल्यांसमोर बसून हातानेच गजरे मोजत होत्या, कोपरापासून बोटापर्यंत एक माप.

उमाच्या सासरचे लोक कित्येक पिढ्या बेंगळुरूत आहेत. घरात मराठी बोलतात, पण ती आपल्याला कळेपर्यंत दुसरं वाक्य येतं. तिच्या सासूबाईंनी दारातच मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "ये की गं. स्वल्प कॉफी घे, मग न्हाऊन घे. सिनेमावाली तू, होय?"

"आवाजापुरती," मी लाजून म्हणाले.

सासूबाईंनी उमाकडे पाहिलं. उमा माझी पिशवी उचलून आत गेली.

बाय-टू

न्याहारीला आम्ही कोपऱ्यावरच्या दर्शिनीत गेलो. दर्शिनी म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल, छातीएवढ्या उंच स्टीलच्या टेबलांचं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी चौ-चौ बाथ जरूर घ्यावा. एकाच बशीत एका बाजूला तिखट उपमा, दुसऱ्या बाजूला केशरी शिरा. कुणी आधी काय खायचं यावर माणसांची पारख करता येईल. उमा शिरा आधी खाते. मी सीमारेषेवरून दोन्हीकडे एकदम सुरू करते.

कॉफी मात्र "बाय-टू" मागायची. एक कॉफी, दोन पेल्यांत निम्मी निम्मी. पैसे वाचवायला नाही, उमा म्हणाली, तर संपली की परत मागता यावी आणि बोलणं लांबावं म्हणून. आम्ही तीनदा बाय-टू घेतली. प्रत्येक वेळी ती पेला दोन्ही हातांत धरून म्हणायची, "अक्का, एक सांगायचं होतं." पहिल्यांदा तिचा फोन वाजला. दुसऱ्यांदा मी वाचनालयातल्या बायकांनी मला दिलेली साडी दाखवायला मोबाईल काढला. सगळ्यांनी मिळून घेतलेली, गर्द जांभळी इरकल. "आज हीच नेसणार," मी म्हटलं, "त्यांना फोटो पाठवायचाय."

उमाने फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "छान आहे गं."

"आणि सांगायचं काय होतं?"

"काही नाही. संध्याकाळी मेट्रोने जाऊ, रस्त्याला गर्दी असते."

मला वाटलं, तिला बक्षिसाची धास्ती आहे. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. मोठी बहीण होण्यात एक तोटा असा आहे, की समोरच्याला धीर द्यायची घाई होते आणि त्याचं ऐकायचं राहून जातं.

हिरव्या मार्गाने बनशंकरी

राजाजीनगर ते बनशंकरी मेट्रो एकदाही बदलावी लागत नाही. हिरवा मार्ग, सरळ दक्षिणेला. तिकीट मोबाईलवर काढलं तर रांग टळते. संध्याकाळी मॅजेस्टिकला डबा असा भरला, की इरकलीच्या निऱ्या मी एका हाताने धरून ठेवल्या. शेजारच्या मुलीने न विचारता माझी पर्स धरली आणि लालबाग आल्यावर परत दिली. निघताना उमाच्या सासूबाईंनी केसांत मोगऱ्याचा हातभर गजरा माळला होता. डब्यात मला स्वतःचाच वास येत होता.

समारंभ बनशंकरीच्या पुढे एका कॉलेजच्या सभागृहात होता. तिथे पोचल्यावर कळलं, की अ‍ॅनिमेशनच्या लोकांत नटण्याची पद्धत नाही. सगळीकडे जीन्स, टीशर्ट, पाठीवर सॅक. एकाच्या टीशर्टवर डोसा खाणारा डायनोसोर होता. त्यांच्यात मी लग्नाच्या हॉलचा पत्ता चुकल्यासारखी दिसत होते. उमा तिच्या लोकांना भेटायला आत पळाली आणि मी फोयरमध्ये फिल्मची चित्रं लावली होती ती बघत उभी राहिले. एका चित्रात आमची म्हातारी होती. काठापदराची साडी, हातात दुधाची वाटी.

"तुम्ही मिरजेच्या अक्का न्हवं?" मागून आवाज आला. तिशीतला, दाढीवाला, गळ्यात हेडफोन. "वळखलं की मी! आत्ता त्या पोराला 'जरा सरकता का' म्हणालात, तवाच वळखलं. माझं नाव बसू. निपाणीचा. आवाजाचं काम माझ्याकडं होतं."

अनोळखी गावात निपाणीचा माणूस भेटणं म्हणजे जवळजवळ नातेवाईक भेटणं. मी खूश झाले.

"तुमचा स्क्रॅच मी पाचशे वेळा ऐकला असंल ओ," तो म्हणाला. "पाठ हाय मला. हँगरसकट."

"स्क्रॅच म्हणजे?"

"म्हणजे तात्पुरता आवाज. चित्र काढणाऱ्यांना कळाया नको का, तोंड कुठं उघडायचं, कुठं मिटायचं? म्हणून आधी असा घरातल्या कुणाचा तरी आवाज घेत्यात. त्यावर चित्रं करायची. चित्रं झाली की तो काढायचा आणि खऱ्या नटीचा भरायचा. सगळीकडं असंच असतंय. आमच्या नटीबाई तर नाटकातल्या, काय बोलल्यात म्हणून सांगू..." आणि मग तो माझ्याकडे बघून थांबला. "उमा मॅडमनी सांगितलंय न्हवं तुम्हाला?"

"हो, हो," मी म्हणाले. "सांगितलंय की."

बसूने सुटकेचा निःश्वास टाकला आणि मला चहा आणून दिला.

तो चहा मी पूर्ण प्यायले. चव आठवत नाही. घरगुती हा शब्द सत्तावीस वर्षांनी पुन्हा येऊन समोर उभा राहिला होता, या वेळी इतक्या प्रेमाने, निपाणीच्या बोलीत. पर्समध्ये फोन थरथरला. वाचनालयाच्या ग्रुपवर, "मॅडम, सुरू झाला का? इकडे सगळे वाट बघताहेत." खाली यजमानांचा, "नाना विचारतात, आवाज आला का?"

मी कुणालाच उत्तर दिलं नाही. घराच्या दिशेची गाडी दुसऱ्या दिवशीची होती. अंगावर बारा बायकांनी मिळून घेतलेली साडी होती. जाणार कुठे? आत जाऊन उमाच्या शेजारी बसले. मी तिचा एक हात हातात घेतला, पण खरं सांगते, नेहमीसारखा मायेने नाही. धरायचा म्हणून धरला.

आठ मिनिटं

दिवे गेले. आधी दोन दुसऱ्या फिल्म झाल्या. मग पडदा पिवळसर झाला, संध्याकाळचं गाव आलं, एक दार उघडलं, आणि म्हातारी बाहेर आली.

ती हाक मारायच्या आधी थांबली. डावीकडे पाहिलं. मग ओठ भरपूर उघडून तिने हाक मारली, आणि आवाज आला तो दुसऱ्या बाईंचा.

सुंदर आवाज होता. खोल, जरा फाटलेला, सत्तर वर्षांचा. मला त्यात खोट काढता येईना, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं. वाईट असता तर निदान रागावता आलं असतं. पहिलं मिनिटभर मी फक्त तो आवाज ऐकत होते आणि प्रत्येक वाक्याला मनात स्वतःचं वाक्य म्हणत होते. दुसऱ्या मिनिटाला लक्षात आलं, की आम्ही दोघी बरोबर एका वेळी बोलतोय. मी जिथे श्वास घेत होते, तिथेच ती घेत होती. "दूध सांडलंय बघ" म्हणताना "बघ"च्या आधी मी आवंढा गिळते. पडद्यावर म्हातारीच्या गळ्याची शीर हलली.

मग मी ऐकायचं थांबवलं आणि बघायला लागले. ती पुन्हा डावीकडे पाहत होती. प्रत्येक वाक्याच्या आधी. खालचा ओठ थोडा आत घेत होती. भुवई एकच वर जात होती, उजवी. आरशात आपण असे कधीच दिसत नाही, कारण आरशासमोर आपण बोलत नसतो. तरीही मी ओळखलं.

आणि मग ती एका बोळात शिरली. मान लांब केली. "तऽप" म्हणाली, आणि खाली वाकली.

डोक्यावर हँगर नव्हता. तिथे गल्लीत आडवी दोरी होती आणि दोरीवर कुणाचातरी ओला पायजमा. म्हातारी पायजम्याखाली वाकूनच, तशीच वाकलेली, अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाली, "कीऽर."

सभागृह हसलं. मराठी न कळणारे दोनशे लोक मनापासून हसले. माझ्या पुढचा डायनोसोरवाला मुलगा टाळ्या वाजवत पुढे वाकला. माझ्या टाळूला, जिथे लागलं होतं तिथे, खरंच मुंग्या आल्या. मी हसत होते आणि डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि उमा पडद्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती.

मांजर शेवटी सापडते का, ते मी सांगणार नाही. फिल्म मिळाली तर बघा.

बक्षीस

सर्वोत्तम लघुपटाचं बक्षीस दुसऱ्यांना मिळालं, एका कासवाच्या फिल्मला, आणि ती चांगली होती. उमाने टाळ्या वाजवल्या, मग माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. "संपलं," म्हणाली. तेवढ्यात पात्राच्या हालचालीचं बक्षीस जाहीर झालं आणि आमच्या मागच्या रांगेतून कुणीतरी किंचाळलं.

ते नंदिनीला होतं. नंदिनी म्हणजे म्हातारीची सगळी चित्रं काढणारी मुलगी, मंड्याकडची, पंचविशीची. ती मंचावर गेली, हातात बक्षिसाची बाहुली घेतली, माइकसमोर उभी राहिली आणि बोलणंच विसरली. मग ती डावीकडे बघून मान लांब करून म्हणाली, "तऽप", वाकली, आणि वाकूनच, "कीऽर." आणि खाली उतरली. तेवढंच भाषण. सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते. ज्या बाईने ते मुळात केलं, तीही वाजवत होती.

बाहेर आल्यावर नंदिनी माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. मीही पाहिलं. एखादी व्यक्ती आपल्याला आधीपासून ओळखते आणि आपण तिला पहिल्यांदा बघतोय, असं मला कधी झालं नव्हतं. तिला मराठी येत नाही. येतात ती माझी चौदा वाक्यं. त्यातलं एक निवडून ती म्हणाली, "कुठं होतीस गं इतका वेळ?"

मी तिला मिठी मारली.

मग ती हिंदीत बोलू लागली, अडखळत. "सात महिने. रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की तुम्ही कपाटात. मी माझ्या आईचा चेहरा एवढा बघितला नाही." आणि मग तिने विचारलं, "एक विचारू? बोलायच्या आधी तुम्ही दर वेळी डावीकडे बघता. कपाटात डावीकडे कोण होतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "साड्यांचा गठ्ठा."

"मग कुणाकडे बघता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मान आपोआप डावीकडे गेली. मला ते खरंच माहीत नव्हतं, आणि त्याच क्षणी कळलं. आमच्या स्वयंपाकघराच्या दारापाशी डाव्या हाताला नानांची खुर्ची आहे. लग्न होऊन त्या घरात गेले तेव्हापासून मी काहीही बोलायच्या आधी बघते, की नाना माझ्याकडे बघताहेत ना. त्यांचं लक्ष असलं, की तोंड नीट उघडून बोलते, म्हणजे त्यांना ओठांवरून कळतं. तेवीस वर्षं. आता शेजारी कुणी असो नसो, मान तिकडे जाते.

नंदिनीला मी एवढंच सांगितलं, "माझे सासरे." तिने मान डोलावली, जणू तिला वाटलंच होतं.

उमाने जेवताना कबूल केलं. पुन्हा दर्शिनी, पुन्हा उभ्याने, "खाली डोसा" म्हणजे बिनभाजीचा मऊ डोसा, आणि सागू म्हणजे भाज्यांचा रस्सा. "अक्का, तुला फोनवरच सांगायला हवं होतं. मला वाटलं तुला माहीत असेल. आमच्यात हे इतकं नेहमीचं आहे. मग तुझा फोन आला, की वाचनालयात सगळ्यांना सांगितलंस. मग ती साडी. माझी जीभच उचलेना."

"मला माहीत होतं. फिल्मच्या आधीच."

"कुणी सांगितलं?"

"बसूने."

"त्या बसूला ना मी..." ती घास तसाच धरून थांबली. "म्हणजे सगळं माहीत असून तू माझा हात धरून बसलीस?"

"धरला होता. पण मनातून चिमटा काढत होते."

"रागावलीस?"

"हो."

"अजून?"

मी तिच्या सासूबाईंचा शब्द वापरला. "स्वल्प."

ती हसली, मग रडली, मग डोळे पुसून तिने बाय-टू मागवली. बसूचाही निरोप तेव्हाच आला, आवाजी. नटीबाईंना त्या हँगरच्या जागी म्हणे अठरा वेळा बोलावं लागलं. "ही बाई मध्येच श्वास का तोडते," म्हणून त्या वैतागल्या होत्या. शेवटी बसूने त्यांना टेबलाखाली बसवून बोलायला लावलं. मला ही बातमी ऐकून जे समाधान झालं ते फार उदात्त नव्हतं.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी लालबागेत गेलो. जुन्या खडकाच्या टेकडीवर बसून कुंद्याचा उरलेला भाग संपवला. सकाळी लवकर गेलात तर चालायला येणाऱ्या आजोबांची गर्दी असते, पण बाकं रिकामी मिळतात, कारण ते बसत नाहीत. दुपारी उमाने गाडीत बसवून दिलं. सासूबाईंनी बरोबर कॉफीची पूड, कोडुबळे म्हणजे तिथली कडबोळी, आणि एक उपदेश दिला, "पुढच्या वेळी चार दिस ये. सिनेमा नसला तरी ये."

येताना डब्यात मी कुणालाच काही करून दाखवलं नाही. खिडकीत बसून वाचनालयाच्या ग्रुपवर एक लांब निरोप लिहिला. आवाज माझा नाही, तात्पुरता होता, नंतर काढला, हे पहिल्याच वाक्यात. तीनदा खोडलं, चौथ्यांदा पाठवून फोन पिशवीत तळाला टाकला. घरी येऊन काढला तर तेवीस उत्तरं होती, आणि त्यातली निम्मी साडीबद्दल होती.

राहिले नाना. ते दारातच उभे होते. "काय मग? आला का आवाज?"

मी डावीकडे न बघता सरळ त्यांच्या समोर उभी राहिले आणि तोंड नीट उघडून म्हटलं, "आधी बघा. मग सांगते."

उमाने फिल्म फोनवर पाठवली होती. ती टीव्हीला लावली. यजमानांनी नानांचं मशीन डबीतून काढून पुढे केलं. नानांनी हातानेच नको म्हटलं, "मिक्सर ऐकायचा नाहीये मला." खुर्ची पुढे ओढून बसले. मी मागे उभी राहिले. पदर मुठीत.

म्हातारी दारातून बाहेर आली. थांबली. डावीकडे पाहिलं. ओठ उघडले.

नाना हसले. दुसऱ्या हाकेला त्यांनी मान डोलावली, कुणी बोलल्यावर डोलावतात तशी. पायजम्याखाली ती वाकली तेव्हा ते मोठ्याने म्हणाले, "लागलं का गं डोक्याला?" आणि मागे वळून माझ्याकडे बघू लागले.

मी त्यांच्या समोर आले. "नाना, आवाज माझा नाहीये. दुसऱ्या बाईंचा आहे. माझा काढून टाकला."

त्यांनी माझे ओठ शेवटपर्यंत वाचले. मग हात झटकला. "असू दे. तो मी कुठं ऐकलाय," म्हणाले, आणि पडद्याकडे बोट केलं. "बाजूला हो. तू बोलते आहेस, मला दिसत नाही."